मिरवणूक, अफवा आणि निवडणूक : तालुक्याच्या गावात शांतता समितीने नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. खान्देशातलं तालुक्याचं गाव, वस्ती साठेक हजार. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद लागून आलेली, त्यात नगरपरिषदेची निवडणूक तोंडावर. गावात शांतता समिती आहे. पोलीस ठाण्यात तिची बैठक होते, दोन्हीकडचे पुढारी भाईचाऱ्यावर बोलतात, चहा होतो, फोटो निघतो. मिरवणुकीच्या रात्री मात्र त्यातल्या एकाचाही फोन लागत नाही. अशा समितीकडून काम कसं करून घ्यायचं?

सुरुवात समितीच्या यादीपासून करा, कारण निम्मं दुखणं तिथेच आहे. साधारण अशा यादीत सत्तर-ऐंशी नावं असतात: आजी-माजी नगरसेवक, पक्षांचे शहराध्यक्ष, दोन-चार पत्रकार आणि बॅनरवर ज्यांचा फोटो असतो असे समाजसेवक. यातल्या अनेकांना तणाव फायद्याचा नसला तरी फार तोट्याचाही नसतो. निवडणुकीच्या वर्षात तर ‘आपल्या पोरांसाठी ठाण्यात धावून गेलो’ हीच त्यांची कमाई असते. त्यांना बैठकीला बोलवा, मान द्या, पण काम त्यांच्याकडे देऊ नका. उमेदवारी अर्ज भरलेला किंवा भरू इच्छिणारा माणूस कामाच्या यादीत नको. हा नियम सगळ्या पक्षांना आणि पहिल्याच बैठकीत सांगितला की रुसवे-फुगवे कमी होतात.

कामाची यादी बीटप्रमाणे (बीट म्हणजे एका पोलीस शिपायाकडे नेमून दिलेला भाग) करायची, एका बीटला पंधरा ते वीस माणसं. त्यात मंडळाचा अध्यक्ष आणि मशिदीचा ट्रस्टी हवेतच. त्यांच्या बरोबरीने चौकातला चहावाला, मेडिकलवाला, रिक्षा स्टॉपवरचा मुरलेला माणूस, भाजी बाजारातला एखादा बागवान आणि एखादा माळी, उर्दू शाळेतला एक शिक्षक, भिलाटीतला कारभारी, आंबेडकर नगरातला एखादा कार्यकर्ता, महावितरणचा वायरमन आणि पालिकेचा दिवाबत्तीवाला घ्या. बचत गटाच्या चार-पाच बायका घ्याच. कुणाच्या गच्चीवर अचानक विटांचे तुकडे जमले, कुणाचा पोरगा जेवायला न येता कुठे बसतोय, हे घरातल्या बाईला पोलिसांच्या खबऱ्याआधी कळतं. पण तिला ठाण्यात बोलावू नका, ती येणार नाही आणि आली तर घरी बोलणी खाईल. बैठक अंगणवाडीत किंवा शाळेत घ्या.

ही रचना नवीन नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्यातली कळीची गोष्ट अशी की कमिटी चालवायची जबाबदारी बड्या अधिकाऱ्यावर नव्हती, बीटच्या साध्या पोलीस शिपायावर होती. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. हेच नाव पुढे राज्यभर अनेक ठिकाणी उचललं गेलं, पण शिपायाऐवजी पुढारी बसवले गेले आणि कमिटीची सभा झाली.

आता मिरवणूक. खान्देशाला हा इतिहास ठाऊक आहे: ७ मे १९७० ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली आणि दुसऱ्या दिवशी, साडेतीनशे किलोमीटर लांब, जळगाव पेटलं. भिवंडी, जळगाव आणि महाड या तिन्ही दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली आणि पोलिसांच्या पक्षपातावर कडक शब्दांत ठपका ठेवला. द्वेष बारा महिने असतो, पण दंगल एखाद्या ठरावीक कोपऱ्यावर, ठरावीक तासात होते. लोकांची मनं बदलणं समितीच्या हातात नाही. त्या कोपऱ्यावरचा तो तास हातात आहे.

म्हणून मार्ग पायी चाला. नकाशावर बोट फिरवून भागत नाही. मिरवणूक ज्या वेळी निघते त्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी, आठ दिवस आधी. सोबत बीटचा शिपाई, दोन मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचा ट्रस्टी, वायरमन आणि एक मोजायची टेप. रस्ता कुठे किती फूट उरतो, तारा किती खाली आहेत (ट्रॉलीची उंची अधिक मूर्तीची उंची, वर दीड-दोन फूट मोकळे), कुठला दिवा बंद आहे, कुठल्या बोळातून माणसं एकदम बाहेर येऊ शकतात, आणि कुठे बांधकामाची खडी, विटा, पेव्हर ब्लॉक पडलेत, हे लिहून काढा. मार्गावरचा राडारोडा आदल्या दिवशी पालिकेच्या ट्रॅक्टरने उचलायचा. अनेक ठिकाणी दगडफेक म्हणून जे नोंदलं जातं त्याचा माल रस्त्यावरच पडलेला असतो.

मग घड्याळाचा हिशेब. समजा १४ मंडळं आहेत आणि मशिदीच्या कोपऱ्यावर प्रत्येक मंडळ २० मिनिटं नाचतं, मध्ये ५ मिनिटांचं अंतर. १४ गुणिले २० म्हणजे २८० मिनिटं, अधिक अंतराची ६५, एकूण ३४५ मिनिटं. पहिलं मंडळ साडेसहाला कोपऱ्यावर आलं तर शेवटचं सव्वाबाराला सुटतं. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद (राज्य सरकारने सूट दिलेल्या दिवशी १२ ला, अशी सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देता येते). म्हणजे शेवटच्या मंडळांना पोलीस मागून ढकलणार, पोरं चिडणार, पुढचे हलणार नाहीत आणि हे सगळं नेमकं मशिदीसमोर होणार. यात कुणाचाही कट लागत नाही, गणितच चुकलेलं असतं.

तेच गणित उलटं मांडा. कोपऱ्याच्या अलीकडे ६० मीटर आणि पलीकडे ६० मीटर चुन्याची रेघ मारा. या १२० मीटरमध्ये थांबायचं नाही, चालत राहायचं. नाचत चालणारा जमाव मिनिटाला सोळा-सतरा मीटर सरकतो, म्हणजे एका मंडळाला ७ मिनिटं. अधिक ३ मिनिटांचं अंतर. दर मंडळामागे १० मिनिटं धरा.

आता नमाजाच्या वेळा. सप्टेंबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. मगरिबची नमाज सूर्यास्तालाच लागते, ती पुढे-मागे होत नाही. असर (दुपारनंतरची) आणि इशा (रात्रीची) यांच्या सामूहिक नमाजाची वेळ मात्र मशीद ठरवते, ती पंधरा-वीस मिनिटांनी सरकवता येते. ट्रस्टींशी बोलताना हा फरक माहीत असला की अर्धी चर्चा वाचते, कारण जी गोष्ट हलूच शकत नाही तीवर हट्ट धरला जात नाही. समजा असर सव्वापाचला आणि इशा सव्वाआठला ठेवली. मग कोपरा मोकळा राहतो तो साडेपाच ते सहा-वीस, सात ते सात-पन्नास आणि पावणेनऊ ते साडेनऊ. पहिल्या खिडकीत पाच मंडळं, दुसरीत पाच, तिसरीत चार. चौदा झाली आणि दहाच्या आत झाली.

क्रमांक चिठ्ठ्या टाकून काढा. मानाचा गणपती पहिला, त्यावर कुणाचा वाद नसतो. भांडण दुसऱ्या आणि शेवटच्या नंबरावर असतं. शेवटचा नंबर सगळ्यांना हवा असतो, कारण शेवटच्याला मागून ढकलणारं कुणी नसतं. चिठ्ठी काढायला लहान मुलगी बोलवा आणि व्हिडिओ करून ठेवा.

डीजेचं स्वतंत्र बघावं लागतं. नियमाने रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. डीजेची एक भिंत उभी राहिली की हे आकडे कागदावर राहतात. मोबाईलवरचं डेसिबल मोजायचं ॲप पुरावा म्हणून चालत नाही, पण बैठकीत ऑपरेटरला दाखवायला बरं पडतं. व्यवहारात उपयोगी पडणारी अट म्हणजे दोन बेस, दोन टॉप, बस. आणि ऑपरेटरच्या पैशांपैकी निम्मे मिरवणूक संपल्यावर. खरी ठिणगी आवाजापेक्षा गाण्यातून पडते. कोपऱ्यावर आल्यावर ठरावीक गाणं लावायची फर्माईश येते आणि ऑपरेटर बाहेरगावचा असेल तर त्याला ते कळतही नाही. चुन्याच्या रेघेच्या आत डीजे बंद, ढोल-ताशा किंवा लेझीम चालू, हे ऑपरेटरकडून आधीच लिहून घ्या. अगदी हेच नियम जुलूसलाही, म्हणजे ईदच्या मिरवणुकीलाही लावा: मंदिरासमोर १२० मीटर, डीजे बंद, घोषणा नाहीत, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली नाहीत, तलवारी नाहीत. एका बाजूला लावलेला नियम दुसऱ्या बाजूला सैल सोडला की पुढच्या वर्षी दोन्हीकडचं कुणी ऐकत नाही.

तारखा एकमेकांवर येण्यात कुणाची खोड नसते, हेही पोरांना समजावून सांगायला हवं. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. आपली पंचांगाची तिथीही तशीच सरकते, पण साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास येऊन ती परत जागेवर आणतो. म्हणून दोन सण जवळ आले की दोन-तीन वर्षं लागोपाठ चिकटून येतात आणि मग लांब जातात. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. २०२४ आणि २०२५ ला एका दिवसाच्या फरकाने. तिन्ही वर्षी राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलला. हा मोठेपणा जाहीर सत्कार करून मिरवू नका, त्यात घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. त्याऐवजी जुलूसच्या दिवशी रस्ता झाडून, दिवे लावून, पाण्याचा टँकर उभा करून द्या.

खान्देशात याचे जुने नमुने आहेत. धुळ्यात मानाच्या खुनी गणपतीची मिरवणूक मशिदीसमोर थांबते आणि मशिदीतून फुलं उधळून तिचं स्वागत होतं. ज्या ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रक्त सांडलं त्याच ठिकाणी. नावातला ‘खुनी’ लोकांनी पुसला नाही, तसाच ठेवला. जळगावचा श्रीराम रथ कार्तिकी एकादशीला भिलपुऱ्यात आला की लालशा बाबांच्या समाधीवर चादर चढते. या प्रथा टिकल्या कारण त्यांत जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे आणि कोणी काय करायचं ते ठरलेलं आहे. नव्याने प्रथा घालायची असेल तर ती इतकीच नेमकी घाला. ‘दोन्ही समाजांनी सहकार्य करावे’ या वाक्यातून कुणालाच काही करावं लागत नाही.

मिरवणुकीचा एक कागद काढा, एकच पान: मंडळाचं नाव, कोपऱ्यावर यायची वेळ, सुटायची वेळ, जबाबदार दोन माणसांची नावं आणि फोन, डीजे ऑपरेटरचा फोन, मशिदीच्या दारात उभ्या राहणाऱ्या दोघांची नावं. खाली सह्या. त्या रात्री समितीचे लोक बॅज लावून मिरवणुकीच्या पुढे मिरवत असतात, तिथे त्यांचं काही काम नसतं. त्यांनी रेघेवर आणि बोळांच्या तोंडाशी उभं राहायचं.

आता अफवा. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा व्हॉट्सॲपवरच्या मेसेजांनी वातावरण तापलेलं. भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. मारणारे आणि मरणारे यांच्यात धर्माचं भांडण नव्हतं. अनोळखी माणूस, आधीच पेरलेली भीती आणि बाजाराची गर्दी, एवढंच पुरलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखायला प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यातला तो अधिकारी कोण आणि त्याचा फोन कोणता, हे समितीच्या कागदावर हवं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आलं आहे: वंश, जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून खून केला तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी. गर्दीत होतो म्हणून सुटतो, हा समज मोडण्यासाठी हे एकच वाक्य पोरांना सांगितलं तरी पुष्कळ.

अफवेला उत्तर अर्ध्या तासात गेलं पाहिजे, नाहीतर ते गेलं काय न गेलं काय. त्यासाठी माणसं आधी ठरलेली हवीत. प्रत्येक बीटमधून दोघे, एक इकडचा, एक तिकडचा. मेसेज आला की चार गोष्टी विचारायच्या: नेमकी जागा कोणती, किती वाजता, डोळ्यांनी कोणी पाहिलं, आणि तो आत्ता कुठे आहे. अहिराणीत ‘कोनी सांगं?’ एवढं विचारलं तरी दहातले आठ मेसेज तिथेच मरतात, कारण सांगणाऱ्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. उरलेल्या दोनांसाठी जवळचा माणूस जागेवर जाऊन बघतो आणि फोन करतो. मग उत्तर द्यायचं. उत्तरात मूळ व्हिडिओ किंवा फोटो पुन्हा टाकायचा नाही. ‘हा व्हिडिओ खोटा आहे’ असं लिहून तोच व्हिडिओ पसरवणारे सज्जन लोक अफवेचं निम्मं काम करतात. मजकूर तीन ओळींचा: अमुक चौकात अमुक वाजता आम्ही स्वतः गेलो, असं काही झालेलं नाही, खाली दोन नावं. मराठीत आणि उर्दूत लिहून, आणि अहिराणीत तीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून. वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त असतात. नावं दोन्ही समाजांची हवीत. एकाच बाजूच्या पुढाऱ्याने केलेला खुलासा दुसऱ्या बाजूला दुसरी अफवा वाटतो.

पुरावा ठेवायचा असेल तर नुसता स्क्रीनशॉट कोर्टात तग धरत नाही. पोस्टची लिंक, खात्याचं नाव, ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि ज्या फोनवर मेसेज आला तो फोन पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र, जे पूर्वी ६५ ब खाली लागायचं, ते त्याच फोनवरून निघतं.

सगळं मिरवणुकीतूनच होतं असंही नाही. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात खाण्याच्या हॉटेलातल्या बिलावरून भांडण झालं, ते दंगलीपर्यंत गेलं आणि पोलीस गोळीबारात सहा जण गेले. बिल, गाडीचा कट, पोरीवरून टोमणा, क्रिकेट, मोबाईलचं स्टेटस: ठिणगीची यादी एवढीच असते. इथे पहिली वीस मिनिटं महत्त्वाची. नियम असा ठेवा की आपल्या पोरांना आपणच मागे घ्यायचं, समोरच्यांना समजवायला जायचं नाही. समोरच्याला समजवायला गेलेला माणूसच बहुतेक वेळा पहिला मार खातो आणि मग भांडण त्याच्या नावाने वाढतं. जखमीला लगेच १०८ ने हलवा, दोन्हीकडचे जखमी एकाच दवाखान्यात असतील तर नातेवाईक वेगवेगळ्या दारांना बसवा. सरकारी दवाखान्याच्या आवारात पेटलेल्या भांडणाला आवर घालणं रस्त्यावरच्या भांडणापेक्षा अवघड असतं, कारण तिथे रक्त दिसतं.

पोलिसांकडून काय मागायचं तेही माहीत असावं. सणाआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले जातात, गुन्हा आधीच रोखण्यासाठी १६८ च्या नोटिसा जातात, कलम १६३ (जुनं १४४) किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ लावून मनाई आदेश निघतात. १६३ चा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो, ३७(३) चा शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपुढे जात नाही. बिघडतं ते यादीत. दोन्हीकडची नावं सारखी दिसावीत म्हणून जुन्या फाईलीतून उतरवली जातात आणि साठीचा, मधुमेहाचा, पंधरा वर्षांपूर्वी एकदा नाव आलेला माणूस दर सणाला ठाण्यात बसतो. गेल्या वर्षी खरोखर दगड मारलेला पोरगा मोकळा असतो. समितीने ही यादी सणाच्या पंधरा दिवस आधी बीटच्या शिपायासोबत बसून बघावी. आणि काही घडलंच तर ‘अज्ञात ३०० जण’ अशा गुन्ह्याला विरोध करावा. त्यातून महिनोन्‌महिने कुणालाही उचलता येतं, तरुण पोरं गाव सोडून सुरतेला, भिवंडीला जातात, घरात कमावणारा राहत नाही, आणि पुढच्या भांडणाची तयारी तिथून होते. सीसीटीव्हीत दिसणारी दहा नावं अज्ञात तीनशेंपेक्षा कोर्टात जास्त टिकतात.

निवडणुकीचं गणित वेगळं समजून घ्यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला धुळे मतदारसंघात सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे असलेला उमेदवार एकट्या मुस्लिमबहुल मालेगाव मध्यमधल्या विरोधी आघाडीमुळे ३,८३१ मतांनी पडला. त्यावरून त्याच वर्षीच्या विधानसभेच्या प्रचारात मुस्लिमांच्या एकगठ्ठा मतदानाला उद्देशून ‘व्होट जिहाद’ हा शब्द राज्यभर फिरला, आणि दुसरीकडून धर्मगुरूंची कुणाला मत द्यायचं याची आवाहनं फिरली. एकगठ्ठा मतदान दोन्हीकडे होतं, जातीचंही होतं, त्यात बेकायदा काही नाही. बेकायदा आहे ते उमेदवाराने धर्माच्या नावावर मत मागणं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३) आणि १२३(३क). २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की ‘त्याचा धर्म’ यात उमेदवाराचा जसा येतो तसा मतदाराचाही येतो. या कलमाला दात आहेत: विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक याच मुद्द्यावर रद्द झाली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पण निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका जावी लागते आणि भाषणाचं सलग रेकॉर्डिंग लागतं. कापलेली पंधरा सेकंदांची क्लिप टिकत नाही. लोकसभा-विधानसभेला आचारसंहिता मोडल्याची तक्रार करायला सी-व्हिजिल ॲप आहे, त्यात फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ जागेवरूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही, आणि १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते.

नगरपरिषदेला १९५१ चा तो कायदा लागू नाही, तिथे राज्य निवडणूक आयोगाची आचारसंहिता चालते. तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. फौजदारी कलमं मात्र सगळीकडे सारखी: भारतीय न्याय संहिता १९६ (समाजांत वैर पसरवणं, तीन वर्षांपर्यंत, प्रार्थनास्थळात केलं तर पाच), २९९ (धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावणं), ३५३ (अफवा आणि चिथावणी). सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलं आहे की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न बघता, बोलणाऱ्याचा धर्म न बघता गुन्हा नोंदवा. तरी यातले खटले रखडतात, आणि त्याचं एक साधं कारण असं की या कलमांखाली न्यायालयाने दखल घेण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागते. फाईल मंत्रालयात बसून राहते. सरकार बदलतं, फाईल तिथेच असते. म्हणून भाषणाला गुन्ह्याने उत्तर मिळेल या भरवशावर राहू नका. सभेची जागा आणि वेळ यावर लक्ष ठेवा: बाहेरचा वक्ता, शुक्रवारची दुपार आणि बाजार पेठेतला चौक हे तीन एकत्र आले तर परवानगीच्या टप्प्यावरच जागा बदलून मागा.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो. हिंदू-मुस्लिम एवढाच चष्मा लावला तर खान्देश निम्माच दिसतो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात दर दहातली जवळपास सात माणसं अनुसूचित जमातीची आहेत. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची यांचे प्रश्न मिरवणुकीचे नाहीत: वनपट्टे, जातपडताळणी, राखीव जागेत नव्याने कोण शिरणार याची धास्ती. धनगर, बंजारा किंवा कोळी समाजाच्या जमातीच्या दाखल्याचा विषय आला की ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या रॅलीचा सूर लगेच बदलतो. नवापूरकडे धर्मांतरित आदिवासींच्या सवलतींवरून डीलिस्टिंगचा, म्हणजे त्यांना जमातीच्या यादीतून वगळण्याच्या मागणीचा वाद आहे. आणि यावल, रावेर, चोपड्यातले तडवी भिल्ल? ते अनुसूचित जमातीतही आहेत आणि मुसलमानही. बाहेरून आलेल्या प्रचारकाच्या कुठल्याच खणात ते बसत नाहीत, म्हणून समितीत ते असतील तर दोन्हीकडे जाऊन बोलू शकतात. बहुतेक समित्यांत ते नसतातच. पोळ्याला कुणाचा बैल आधी वेशीतून जाणार यावरून होणारी मारामारी एकाच धर्मातली असते, पण तिचा गुन्हा ॲट्रॉसिटीचा झाला की निवडणुकीत तीही वापरली जाते.

आणि सगळं करूनही घडलंच तर. पहिल्या दोन दिवसांत तलाठ्याकडून नुकसानीचा पंचनामा करून घ्या, जळालेलं हलवायच्या आधी. दुकानाचा विमा असेल तर आगीच्या पॉलिसीत दंगल आणि संपाचं संरक्षण बहुधा जोडलेलं असतं. कंपनीला लगेच लेखी कळवा आणि एफआयआरची प्रत जोडा. हातगाडीवाल्याकडे पॉलिसीही नसते आणि परवान्याचा कागदही, त्याचा पंचनामा आधी करा. अटक झालेल्यांच्या घरी किराणा पोचतोय का ते त्याच समाजाच्या माणसाने न बघता दुसऱ्याने बघावं.

संचारबंदी शिथिल होते तेव्हा पहिली दोन-तीन तासांची सवलत असते. त्यात शांतता फेरी काढू नका. दूध आणि भाजीचा लिलाव सुरू करा, पहाटे पाचला, नेहमीच्या जागी. शेतकऱ्याच्या मेथीच्या जुड्या आणि बागवानाची हातगाडी एका ओट्यावर आल्याशिवाय दोघांचाही दिवस निघत नाही, त्यामुळे तिथे यायला कुणाला बोलवावं लागत नाही. बाहेर दोन शिपाई साध्या कपड्यांत पुरतात. लिलाव दोन दिवस नीट झाला की तिसऱ्या दिवशी मेडिकल, किराणा, मग शाळा उघडा. उर्दू आणि मराठी दोन्ही शाळा एकाच दिवशी, एकाच वेळी.